धुराला वाट

न्यायशास्त्राचा पहिला पाठ ज्यांनी कधी गिरवला असेल, त्यांना डोंगरावरचा धूर आणि त्यावरून केलेले अग्नीचे अनुमान आठवत असेल. त्या अनुमानाला आधार म्हणून नित्याच्या अनुभवातले जे उदाहरण दिले जाते ते स्वयंपाकघराचे. धूर आणि अग्नी एकत्र कोठे पाहिले, तर महानसात. शास्त्रकारांना हे इतके उघड वाटले की त्यापुढे त्या महानसात कोण बसले आहे, हे विचारण्याचे त्यांना कारण नव्हते. त्याच शास्त्रात थोडे पुढे गेल्यावर मात्र एक बारकावा येतो. जेथे धूर तेथे अग्नी हे खरे; जेथे अग्नी तेथे धूर हे खरे नव्हे. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघायला अग्नीशी ओल्या इंधनाचा संयोग व्हावा लागतो. तर्काच्या ग्रंथांत ही अट शतकानुशतके नोंदलेली आहे. आमच्या घरातल्या चुलीपर्यंत ती पोहोचायला २०२३ साल उजाडावे लागले.

आमचे मूळ घर खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला आहे. जांबोटी सोडून कणकुंबीच्या दिशेने गेले की रान दाट होऊ लागते. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि तेथून पुढे चोर्ल्याचा घाट गोव्यात उतरतो. त्या वाटेवर आत वळून आमची वाडी. पावसाळ्याचे चार महिने तेथे कपडे वाळत नाहीत, मीठ कोरडे राहत नाही आणि भिंतींना हात लावला तर त्या घामेजल्यासारख्या लागतात. मी नोकरीनिमित्त बेळगावात आलो आणि तेथेच राहिलो. दादा आणि वहिनी यांनी घर, शेत आणि काजूची झाडे सांभाळली. घरात गॅस आला त्यालाही बरीच वर्षे झाली. चहा, दूध, पाहुण्यांचा शिरा हे गॅसवर होते. पण भाकरी, भात, गुरांचे आंबोण आणि आंघोळीचे पाणी चुलीवर. जळण बांधावरचे, फुकटचे. सिलिंडर मात्र विकतचा, आणि आषाढात ओढ्याला पाणी आले की तो वाडीपर्यंत पोहोचेलच याची खात्री नसते. चूल काढून टाका, असे शहरात बसून सांगणे सोपे आहे. ते सांगणाऱ्याने एक श्रावण तेथे काढून पाहावा.

वहिनींना दम लागू लागला तेव्हा आम्ही तो वयाच्या खाती मांडला. बेळगावच्या डॉक्टरांनी तपासणी केली, फुंकायला एक नळी दिली, कागदावर उमटलेली रेघ पाहिली आणि दादांना विचारले, ‘घरात विडी-सिगरेट कोण ओढतं?’ दादा म्हणाले, ‘आमच्या घरात सुपारीचंही व्यसन नाही.’ डॉक्टरांनी मग वहिनींकडे वळून विचारले, ‘चूल आहे का?’ वहिनी हसल्या. चूल नसलेले घर त्यांनी पाहिलेच नव्हते. पन्नास वर्षे त्या रोज चार-पाच तास त्या चुलीसमोर बसल्या होत्या आणि श्वासनलिका आखडण्याचा जो विकार विडी ओढणाऱ्यांना होतो तो त्यांना झाला होता.

गुजरातेतल्या आपल्या वाचकांना कदाचित ठाऊक असेल की या गोष्टीचे पहिले काटेकोर मोजमाप त्यांच्याच प्रांतातल्या खेड्यांत झाले. १९८० च्या दशकाच्या आरंभी किर्क स्मिथ या अमेरिकन संशोधकाने आपल्या भारतीय सहकाऱ्यांबरोबर तेथील काही गावांत, स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर हवेतले कण टिपणारी छोटी उपकरणे लावली. तोवर हवेचे प्रदूषण म्हणजे गिरण्यांची धुराडी आणि मोटारींचा धूर असाच सर्वांचा समज होता. चुलीपुढच्या बाईच्या नाकाशी कोणता धूर आहे, हे कोणी मोजलेच नव्हते. आज चुलीच्या धुराचा संबंध दम्यासारख्या विकारांशी, लहान मुलांच्या न्यूमोनियाशी आणि मोतीबिंदूशीही जोडला जातो.

धुराडे ही वस्तू आपल्या घरांना नवी होती असे मात्र नाही. इंदूर असो, बडोदे असो की आमचे बेळगाव, जुन्या मराठी घराच्या न्हाणीत तांब्याचा बंब असायचाच. त्याची रचना आठवून पाहा. मध्ये उभी नळी, नळीत खालून विस्तव, भोवती पाणी; धूर नळीतून वर जातो आणि जाता जाता आपली उष्णता पाण्याला देऊन जातो. धुराड्याचा इतका शहाणा उपयोग दुसऱ्या कोणत्या घरगुती वस्तूत क्वचितच सापडेल. दिवाळीआधी चिंच लावून तो बंब लखलखीत करण्यात घरच्या लेकीसुना दोन दिवस घालवीत. आणि त्याच घरात, न्हाणीच्या भिंतीपलीकडे, उघड्या चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत असे. पुरुषांच्या आंघोळीच्या पाण्याला धुराडे होते, बायकांच्या स्वयंपाकाला नव्हते. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. कोणाच्या ते लक्षात येत नव्हते, एवढेच. पण तेही काही लहान कारण नव्हे.

काहींच्या लक्षात आले होते. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे प्रयोग चालले त्यांतून मगन चूल निघाली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी धूर बाहेर नेणारी चूल तयार केली आणि १९५३ साली लाखो घरांच्या निर्धूर स्वयंपाकघरांविषयी एक पुस्तिकाच लिहिली. आमच्या कर्नाटकात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ‘अस्त्र’ या गटाने १९८० च्या दशकात तीन भांड्यांची धुराड्याची चूल आणली. तिचे नाव ‘अस्त्र ओले’. कन्नडमध्ये ‘ओले’ म्हणजे चूल. आम्हा सीमेवरच्या माणसांना दोन्ही भाषा कानावर पडत असल्यामुळे या नावाची गंमत वाटते. कारण मराठीत जे ओले, तेच तर चुलीचे खरे वैरी. पुढे राष्ट्रीय कार्यक्रम झाला, देशभर तीन कोटींहून अधिक सुधारित चुली बसवल्या गेल्या आणि २००२ साली तो कार्यक्रम बंद झाला. त्यांतल्या किती चुली वापरात राहिल्या हा प्रश्न वेगळा. आमच्या वाडीतही त्या काळातली एक चूल होती. तिची सिमेंटची नळी फुटल्यावर ती कोंबड्यांच्या उपयोगी आली.

आमच्या चुलीचा घाट मी या सगळ्यांकडे पाहूनच ठरवला. पण खरे सांगायचे तर तो घाट वहिनींच्या जुन्या चुलीत अर्धा होताच. चुलीला वैल असतो. थोरल्या तोंडाखालचा जाळ पुढे सरकून वैलाखाली जातो आणि तेथे ठेवलेली आमटी किंवा दूध मंद आचेवर शिजत राहते. निर्धूर चूल म्हणजे वैलाच्या पुढे आणखी एक पाऊल. वैलाखालून निघालेला धूर स्वयंपाकघरात न सोडता भिंतीलगतच्या नळीत सोडायचा. हे मी वहिनींना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘म्हणजे वैलाला वैल म्हणा की, भावोजी.’ याहून नेमके वर्णन मला कोणत्याही पुस्तिकेत आढळले नाही.

चूल विटांची आणि मातीची केली. मातीत भाताचे तूस आणि शेण मिसळून ती आठवडाभर तुडवली. जाळाखाली लोखंडी जाळी हवी होती, म्हणजे राख खाली पडते आणि हवा खालून लाकडाला मिळते. ती उद्यमबागेतल्या एका ओतकामाच्या कारखान्यातून करून आणली. इथवर वाद नव्हता. वाद झाला तो नळीवरून.

गवंड्याचे म्हणणे असे की नळी भिंतीतून बाहेर काढावी आणि कोपर लावून वर न्यावी, म्हणजे छपराला हात लावायला नको. दादांचेही मत तेच. मंगळुरी कौलांचे छप्पर एकदा फोडले की ते जन्मभर गळते, यावर आमच्या भागात एकमत आहे. पण धूर वर जातो तो कोणी ढकलतो म्हणून नव्हे. नळीतली हवा तापून हलकी होते, बाहेरची गार हवा जड असते, आणि या दोहोंच्या वजनातला फरक धुराला वर ओढतो. नळी जितकी उंच आणि आतून जितकी गरम, तितकी ओढ जास्त. प्रत्येक कोपरात ही ओढ थोडी खर्ची पडते, आणि त्याच वळणावर काजळी साठते. भिंतीबाहेरची उघडी नळी पावसात भिजून गार होते, म्हणजे ज्या दिवसांत तिची गरज सर्वांत अधिक त्याच दिवसांत ती दुबळी. शिवाय आमचे स्वयंपाकघर मागच्या पाख्याखाली आहे. नळीचे तोंड आढ्याच्या खाली राहिले तर आढ्यावरून उतरणारा वारा धूर पुन्हा आतच ढकलणार. म्हणून नळी सरळ, घरातूनच वर न्यायची आणि तिचे टोक आढ्याच्या वर दोन-तीन फूट काढायचे असे ठरले. ठरले म्हणजे मी धरून बसलो आणि वहिनींनी माझी बाजू घेतली. दादा म्हणाले, ‘गळलं तर बादली तू धरायचीस.’

छपराचे काम वैशाखात केले. नळी स्टेनलेस स्टीलची घेतली. साधा पत्रा आमच्याकडच्या पावसात दोन-तीन वर्षांत चाळण होतो. वासा आणि नळी यांच्यामध्ये दीड फूट अंतर राहावे म्हणून एक वासा कापून त्याचा भार आडव्या तुळईवर घेतला. जेथे नळी छपरातून पार होते तेथे तिच्याभोवती दुसरी रुंद नळी घालून मधल्या पोकळीत खनिज लोकर भरली. कोरड्या लाकडाला ठिणगीच लागावी लागते असे नाही, नुसती रोजची झळही त्याला वर्षानुवर्षे भाजत राहते. आणि मग ते गळतीचे प्रकरण. त्याचा उपाय सोपा आहे, फक्त क्रम चुकता कामा नये. नळीभोवती जो पत्रा बसवायचा त्याची वरची कड वरच्या कौलांच्या खाली सरकवायची आणि खालची कड खालच्या कौलांच्या वर आणायची, म्हणजे पाणी कौलावरून पत्र्यावर आणि पत्र्यावरून पुन्हा कौलावर उतरते. गवंड्याला हे सांगावे लागले नाही. तो म्हणाला, इरल्याचे पानही असेच रचतात.

नळीत झडप बसवावी, रात्री ती पूर्ण मिटली की चूल सकाळपर्यंत ऊबदार राहते, अशी एक सूचना शेजारून आली. ती मी मानली नाही. निखारे धुमसत असताना वाट बंद केली की कार्बन मोनॉक्साइड घरात साठतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागा होऊ देत नाही. ऊब हवी तर गोधडी आहे.

पहिल्या दिवशी चूल पेटवली आणि सारा धूर वहिनींच्या तोंडावर आला. दादा काही बोलले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. नळी गार होती आणि तिच्यातली जड हवा बुचासारखी बसली होती. नळीच्या बुडाशी काजळी काढायला जे दार ठेवले आहे त्यात गवताचा एक पेटता चूड धरला. क्षणभर काही झाले नाही. मग नळीतून घुमल्यासारखा आवाज आला, चुलीतल्या ज्वाळेने एकदम मान वळवली आणि ती वैलाच्या दिशेने आडवी झाली. बाहेर पोरे ओरडली, ‘आला, वर आला!’ वहिनींनी सवयीने फुंकणी उचलली होती, ती तशीच हातात राहिली.

यानंतर जे घडले ते मला मुद्दाम सांगावेसे वाटते, कारण धुराडी बसवणारे लोक ते सहसा सांगत नाहीत. धूर घरातून गेला आणि त्याच्याबरोबर त्याची कामेही अडली. चुलीवर बांबूची ताटी टांगलेली असे. तिच्यावर बियाण्याची मक्याची कणसे, दोडक्या-काकड्यांचे बी, वालपापडीच्या शेंगा, पावसाळ्यात न वाळणाऱ्या टोपल्या. धुरामुळे त्यांना भुंगा लागत नसे, बुरशी येत नसे. वासे आणि रिपा काळ्याभोर होत्या आणि म्हणूनच शंभर वर्षे पोखरल्या गेल्या नव्हत्या. त्या काळ्या छपराकडे पाहून आमचे वडील अभिमानाने म्हणत, की हे लाकूड धुराने पोसले आहे. ते खोटे नव्हते. धूर हा त्या घराचा राखणदार होता, त्याचे वेतन मात्र एकच माणूस देत होते, आणि तेही आपल्या छातीतून.

आता त्या राखणीची दुसरी सोय करणे आले. बियाणे वाळवून, राखेत घोळवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवू लागलो. वाशांना उन्हाळ्यात काजूच्या टरफलांचे तेल लावले. ते तेल अंगावर पडले तर कातडी सोलून निघते, म्हणून हातमोजे घालून ते काम दादांनी आणि मी केले. पूर्वी यांतले एकही काम आमच्या वाट्याचे नव्हते. सर्वांत मोठे काम जळणाचे. ताज्या तोडलेल्या लाकडाचे निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचे असू शकते. ते पाणी उकळवण्यात जाळाची ताकद जाते, धूर वाढतो आणि गार नळीला आतून डांबरासारखा चिकट थर बसतो. तो थर साठत गेला आणि एखादे दिवशी पेटला तर छप्पर गेलेच म्हणायचे. म्हणून लाकूड फाल्गुनापूर्वी तोडून, फोडून, मनगटाएवढ्या ढलप्या करून गोठ्यामागच्या खोपीत रचायचे. वर पत्रा, बाजू उघड्या, वारा आरपार. पूर्वी भला मोठा ओंडका चुलीत सारून तो दिवसभर पुढे ढकलत राहण्याची रीत होती. ओंडका सारणारा शेतावर जाई आणि धुमसणे सांभाळायला वहिनी उरत.

ओडिशातल्या सुधारित चुलींचा एक मोठा अभ्यास काही अर्थतज्ज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. त्यात एस्थर डुफ्लो याही होत्या, ज्यांना पुढे २०१९ साली नोबेल मिळाले. पहिल्या वर्षी बायकांच्या छातीत जाणारा धूर कमी झाला होता. पुढच्या वर्षांत तो फरक पुसला गेला, कारण चुलींची डागडुजी झाली नाही आणि त्यांचा वापरही घटत गेला. हे वाचून मला आमच्या वाडीतल्या त्या कोंबड्यांच्या चुलीची आठवण झाली. धुराडे बसवणे हे दोन दिवसांचे काम आहे, ते राखणे हे पुरुषांचे नवे काम आहे. सारवणे, पोतेरे फिरवणे, तडे बुजवणे हे वहिनी आजही करतात. पण शिडी लावून छपरावर जाणे, काथ्याचा कुंचला दोरीने नळीत वरखाली ओढणे, बुडाच्या दारातून काजळी काढणे हे त्यांच्याकडून होणार नाही, आणि होऊ नये. आजवर धूर निस्तरण्याचे जे काम बाईचे डोळे आणि फुप्फुसे गुपचूप करीत होती, ते आता दोन म्हाताऱ्या भावांच्या गुडघ्यांवर आले आहे. गुडघे कुरकुरतात.

या चुलीने सारे निभावले असे मी म्हणणार नाही. जास्त लाकूड कोंबले, किंवा मागचे दार उघडे असताना वारा आत घुसला, की चुलीच्या तोंडातून धूर अजूनही बाहेर येतो. नळीतून वर गेलेला धूरही नाहीसा होत नाही. तो आमच्या घरातून निघून गावाच्या हवेत जातो. वाडीतली सगळी घरे एकाच वेळी चूल पेटवतात त्या तिन्हीसांजेला तो खाली उतरून परसात रेंगाळतो. जाळ स्वच्छ असणे हे धुराड्याहून आधीचे काम आहे. वहिनींच्या छातीत जे व्हायचे ते होऊन गेले. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले की गेलेली ताकद परत येणार नाही, उरलेली टिकवायची. त्यांची नळी आणि औषध फळीवर असते. पण रात्री खोकल्याने उठून बसण्याचे त्यांचे दिवस उणावले आहेत. स्वयंपाकघराच्या भिंतीला दादांनी यंदा प्रथमच पांढरा चुना दिला. तो पांढरा राहिल्याचे वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. ‘छप्पर गळतं का?’ असे कोणी विचारले तर दादा विषय बदलतात, कारण ते गळत नाही.

सून मुंबईहून आली की आता चुलीपुढे बसते. पूर्वी ती उंबऱ्यातूनच बोले. भाकरी थापायला तिला अजून जमत नाही, पण वैलावर काय ठेवावे यावर तिची मते आहेत, आणि सासू-सुनांचा त्यावर वाद होतो तेव्हा दोघींचे चेहरे एकमेकींना नीट दिसत असतात.

काजळी वर्षातून तीनदा काढायची असे आम्ही ठरवले आहे. होळीनंतर एकदा, मृग लागण्याआधी एकदा आणि दसऱ्याला एकदा. दादांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखांना पेन्सिलीने खूण केली आहे आणि शेजारी माझे नाव लिहिले आहे. मृगाआधीच्या खेपेला पाऊण बादली काजळी निघाली. वहिनींनी ती परसात भोपळ्याच्या आळ्यापासून दूर टाकायला सांगितली, आणि मी शिडीवरून उतरल्यावर हात धुवायला गरम पाणी आणि राख पुढे केली.